तीस दिवसांचा हिशोब



इथे यिशुनमध्ये चार मराठी घरे जमली की पैशाविषयीचे बोलणे ठरलेले असते. पूर्वी विचारायचे, कोणता फंड घेतलास? पुण्यात कुठे बुक केलास? बाणेर की वाकड? गेल्या दोन-तीन वर्षांत प्रश्न बदलला आहे. आता लोक आवाज थोडा खाली आणून विचारतात, "तुमच्याकडे कपात चालू आहे का?" उत्तर "अजून तरी नाही" असे येते, आणि त्यातला "अजून तरी" सगळ्यांना ऐकू जातो. म्हणून या अंकात गुंतवणुकीविषयी लिहायचे ठरवले. शेअरबाजाराचे भविष्य मात्र इथे नाही. मी प्रयोगशाळेतला माणूस आहे. ज्याचा प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही त्याविषयी बोलायला जीभ रेटत नाही.

आपल्यापैकी बरेच जण एम्प्लॉयमेंट पासवर आहेत. नोकरी गेली की पास रद्द होतो आणि साधारण ३० दिवसांचा अल्पमुदतीचा परवाना हातात पडतो. तेवढ्यात नवी नोकरी मिळवून नव्या पासचा अर्ज करायचा, नाहीतर सामान बांधायचे. हे सगळ्यांना माहीत असते. त्याच दिवसांत पैशाचे काय होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. परदेशी कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा मालकाला कर खात्याला आधी कळवावे लागते, आणि कराचा हिशोब पूर्ण होईपर्यंत त्याची देय रक्कम, म्हणजे शेवटचा पगार, रजेचे पैसे वगैरे, रोखून ठेवावी लागते. यात मालकाची लबाडी नाही, तसा कायदाच आहे. परिणाम असा की ज्या महिन्यात पैसा सर्वांत जास्त लागतो त्याच महिन्यात तो हातात नसतो. घराचा करार दोन वर्षांचा असेल आणि त्यात तथाकथित डिप्लोमॅटिक क्लॉज असेल, तर सहसा वर्ष झाल्यावर, दोन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येते. कलम नसेल तर उरलेल्या भाड्यासाठी घरमालकाशी घासाघीस. मुलांच्या शाळेच्या सत्राची फी, विमानाची तिकिटे आणि सामानाचा कंटेनर वेगळेच.

तेव्हा "सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा" हा पुस्तकी सल्ला आपल्याला पुरत नाही. त्यात निघण्याचा खर्च मिळवायला हवा, आणि ही सगळी रक्कम इथल्याच बँकेत, डॉलरमध्ये, आज मागितली तर आज मिळेल अशी हवी. इथे प्रत्येक बँकेतल्या १,००,००० डॉलरपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण आहे (१ एप्रिल २०२४ पूर्वी ते ७५,००० होते). या पैशाला व्याज किती मिळते हे मनावर घेऊ नका. आगीचा बंब घेताना कोणी त्याचे मायलेज विचारत नाही.

वयाचाही हिशोब आहे. पाससाठी लागणारा किमान पगार वयाबरोबर चढतो. जानेवारी २०२५ पासून तो तरुणांना ५,६०० डॉलर आहे आणि पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला १०,७०० पर्यंत जातो. वित्तक्षेत्रात त्याहूनही जास्त. म्हणजे पंचेचाळिशीत नोकरी गेली तर थोड्या कमी पगारावर तग धरण्याची सोयही राहत नाही. भारतात किंवा अमेरिकेत माणूस दोन पायऱ्या उतरून उभा राहू शकतो. इथे त्या पायऱ्याच काढून घेतलेल्या आहेत. आर्थिक नियोजनाच्या तक्त्यात आपण निवृत्तीचे वय साठ किंवा पासष्ट असे सहज टाइप करतो. चाळिशी ओलांडलेल्या पासधारकाने तिथे एकदा पन्नास घालून तक्ता कसा दिसतो ते पाहावे. मी घालून पाहिले आहे, म्हणूनच हा लेख लिहितो आहे.

सिंगापूरच्या नागरिकाला आणि पीआरला सीपीएफ आहे. १९५५ साली वसाहतकाळात सुरू झालेली ही सक्तीची बचत. आज पंचावन्न वर्षांपर्यंतच्या नोकरदाराच्या पगारातून २० टक्के जातात आणि मालक १७ टक्के घालतो. (पीआर मिळाल्यावर पहिली दोन वर्षे दर कमी असतात.) जानेवारी २०२६ पासून दरमहा ८,००० डॉलरपर्यंतच्या पगारावर ही वर्गणी बसते, म्हणजे महिन्याला २,९६० डॉलर. पासवाल्याला यातले काही नाही. त्याच्या हातात सगळा पगार येतो आणि तो आपण श्रीमंत आहोत असे समजतो! शेजारच्या पीआर मित्रापेक्षा आपली गाडी, आपली सहल मोठी दिसते, कारण मित्राचे जवळजवळ तीन हजार डॉलर दरमहा दिसेनासे होत असतात. पासवाल्याने स्वतःच स्वतःचा सीपीएफ कापायला हवा, पगार आला त्याच दिवशी, आपोआप. सरकारने कापला की आपण चार दिवस कुरकुरतो आणि विसरतो. स्वतः कापायचा तर दर महिन्याला नवे कारण सापडते.

परकीयांना एसआरएस ही २००१ पासून चालू असलेली सोय आहे. वर्षाला ३५,७०० डॉलरपर्यंत भरता येतात आणि तेवढ्या उत्पन्नावर त्या वर्षी कर लागत नाही. पहिल्या भरण्यानंतर दहा वर्षे झाली, आणि त्या सलग दहा वर्षांत तुम्ही नागरिक किंवा पीआर झाला नसाल, तर सगळी रक्कम एकदम काढून तिच्या निम्म्यावरच कर भरता येतो. मात्र खाते उघडून पैसे नुसते पडू दिले तर व्याज ०.०५ टक्के. कर वाचवल्याच्या आनंदात पुढचे पाऊल न टाकणारे लोक मी बरेच पाहिले आहेत.

आणि सीपीएफ असलेल्यांनी तरी निर्धास्त का असावे? १९८४ साली वर्गणी दोन्ही बाजूंनी मिळून ५० टक्क्यांवर गेली होती. १९८५ च्या मंदीनंतर, १९८६ मध्ये मालकांचा हिस्सा २५ वरून एकदम १० वर आणला. आशियाई आर्थिक संकटानंतर १९९९ मध्ये पुन्हा २० वरून १०. त्या दोन्ही वर्षांत एचडीबीच्या घराचा हप्ता सीपीएफमधून फेडणाऱ्यांना अचानक खिशात हात घालावा लागला असणार. जानेवारी २०२५ पासून पंचावन्न वर्षांवरच्या सभासदांचे स्पेशल खातेही बंद झाले. ही व्यवस्था प्रामाणिक आहे, पण ती देशाच्या गरजेप्रमाणे वळते. तुमच्या तक्त्याप्रमाणे वळत नाही.

यिशुन हे नावच या बदलांची आठवण देते. लिम नी सून (१८७९–१९३६) या अननस आणि रबराच्या बड्या व्यापाऱ्याच्या नावाचा हा मँडरिन उच्चार. एके काळी इथे मळे होते. त्या रबराला जगाने आधी डोक्यावर घेतले आणि मग भाव पडला तेव्हा मलायातले मळेवाले रस्त्यावर आले. आज मळ्यांच्या जागी आपण राहतो, आणि उत्तरेकडच्याच वुडलँड्सला चिप बनवणारे कारखाने आहेत. चिप म्हणजे रबर नव्हे हे मान्य. पण चक्राकार धंदा म्हणजे काय, हे तिथे काम करणाऱ्या आपल्या मित्रांना विचारा.

आपल्याला याहून जवळचे उदाहरण आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. त्या संपाच्या बऱ्यावाईटावर अजून वाद होतात, इथे तो नको. मला त्यातले एकच टोचते. साचा चालवणारा माणूस कुशल होता, वीस-वीस वर्षांचा अनुभव असलेला होता, आणि त्याचा धंदा त्याच्या चुकीशिवाय त्याच्या पायाखालून गेला. गिरणीची जमीन कापडापेक्षा महाग झाली होती. कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावी थोडी शेती, एक घर आणि भाऊबंद एवढीच त्याची गंगाजळी. आपण पदवीधर, पीएचडीवाले, संगणकवाले स्वतःला त्या माणसापेक्षा वेगळे समजतो. फरक आहे तो एवढाच की त्याला मुंबई सोडायला कोणी ३० दिवसांची मुदत दिली नव्हती.

आता रुपयाकडे वळू. "भारतात एफडीला सात टक्के मिळतात, इथे काय मिळते?" हा युक्तिवाद मी शंभरदा ऐकला आहे. २००५ च्या सुमारास एका सिंगापूर डॉलरला साधारण २६ रुपये पडत होते, २०२५ मध्ये ६६ च्या वर. वीस वर्षांत अडीचपट. म्हणजे डॉलरच्या मानाने रुपया दरसाल सरासरी पावणेपाच टक्क्यांनी घसरला. सात टक्क्यांच्या रुपयातल्या ठेवीचे डॉलरमध्ये मोजलेले उत्पन्न दोन टक्क्यांच्या थोडे वर येते. सीपीएफच्या साध्या खात्यालाही किमान अडीच टक्के आहेत. शिवाय ठेव एनआरओ खात्यात असेल तर व्याजावर भारतात कर कापला जातो. एनआरई ठेवीचे व्याज अनिवासींना करमुक्त आहे.

याचा अर्थ भारतात पैसा ठेवू नये असा नाही. प्रश्न असा विचारायचा, की हा पैसा शेवटी कोठे खर्च होणार आहे? साठीनंतर कोथरूडला राहायचे नक्की असेल तर दूध, औषधे आणि बाईचा पगार रुपयातच द्यायचा आहे. मग रुपयातली बचत शहाणपणाची आहे आणि वरचा हिशोब तुम्हाला फारसा लागू नाही. मुलांचे कॉलेज मेलबर्नला व्हायचे असेल तर रुपयातली ठेव हा जुगार आहे. आपली अडचण अशी की बहुतेकांनी परतायचे की नाही हे ठरवलेलेच नाही. "बघू, मुलगी बारावी होऊ दे" असे म्हणत पंधरा वर्षे जातात. हे न ठरवणे म्हणजेसुद्धा चलनावर लावलेली पैज आहे. ज्याने ठरवलेले नाही त्याने निदान पैसा दोन्हीकडे आणि थोडा तिसरीकडे, म्हणजे जगभरच्या शेअर्सच्या एखाद्या स्वस्त इंडेक्स फंडात विभागून ठेवावा. (आणि गेल्या वीस वर्षांचा दर पुढच्या वीस वर्षांना लागू होईल असे कोणी सांगू लागला, तर त्याला त्रुटीची मर्यादा विचारा.)

पुण्याच्या फ्लॅटविषयी लिहिले की मित्र दुरावतात, तरी थोडक्यात लिहितो. जुलै २०२४ मध्ये भारताने घरविक्रीच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर १२.५ टक्के केला आणि महागाईची वजावट काढली. आधी घेतलेल्या घरांसाठी जुन्या पद्धतीने हिशोब करण्याची मुभा दिली ती फक्त निवासींना. आपल्याला नाही. शिवाय अनिवासी विकणारा असला की खरेदीदारालाच कर कापून भरावा लागतो, त्यामुळे बरेच खरेदीदार आपल्याला टाळतात. इथे पीआर होऊन एचडीबीचे पुनर्विक्रीचे घर घ्यायचे तर परदेशातले खासगी घरही नियमांत मोजले जाते. बुकिंगचा धनादेश फाडण्यापूर्वी ते नियम वाचावेत. आणि यिशुनमधले १९८० च्या दशकातले घर घेताना ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यातली किती उरली आहेत, ती वजाबाकी दलालाने नव्हे तर आपण करावी.

परताव्याच्या मोहापेक्षाही आपल्या समाजाला ओळखीचा मोह जास्त महागात पडला आहे. "आपल्या ओळखीची बँक आहे", "मॅनेजर आपल्या शाळेतला". २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. तेव्हा ठेवींचा विमा होता एक लाख, तो फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाला. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांना आपले पैसे दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत मिळतील असे ठरले. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना गेला. निवृत्तीची रक्कम तिथे ठेवणाऱ्या माणसाची ती नऊ वर्षे कशी गेली असतील! आपल्या आईवडिलांच्या ठेवी कोणत्या बँकेत आहेत आणि कुठे पाच लाखांच्या वर आहेत, हे पुढच्या रविवारच्या फोनवर विचारता येईल. ते रागावतील. विचारा.

सिंगापूर शिस्तीचे आहे म्हणून इथे असे होत नाही हाही भ्रम. २००८ मध्ये लेहमन बुडाली तेव्हा 'मिनिबाँड' नावाची, रोख्यासारखी दिसणारी पण रोखे नसलेली चीज घेतलेले हजारो साधे ठेवीदार हाँग लिम पार्कात जमत होते. समुद्राचे पाणी गोडे करणारी हायफ्लक्स तर देशाची शान होती. २०१६ मध्ये तिने सहा टक्क्यांचे रोखे काढले, एटीएमवरून अर्ज करता येत होता. मे २०१८ मध्ये कंपनी कोर्टाच्या आश्रयाला गेली. सुमारे ३४,००० सामान्य गुंतवणूकदारांचे ९० कोटी डॉलर त्यात अडकले होते. बँका दीड-दोन टक्के देत असताना सहा टक्के का मिळतात, हा प्रश्न एटीएम विचारत नाही.

मोठी फसवणूक बातमीत येते, छोटी येत नाही. गणेशोत्सवात भेटलेला कोणी आपला माणूस विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली योजना विकतो. आपण भिडेखातर घेतो. शुल्क दोन टक्के, ऐकायला किरकोळ. एक लाख डॉलर २५ वर्षे सहा टक्क्यांनी वाढले तर ४ लाख २९ हजार होतात, चार टक्क्यांनी वाढले तर २ लाख ६७ हजार. अंतिम रकमेतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग भिडेखातर गेला. विमा विमा म्हणून घ्यावा, मुदतीचा, स्वस्त. बाजाराचे काम बाजाराला करू द्यावे.

आता जो विषय या पानांना नवा नाही, पण पैशाच्या गप्पांत हमखास गळतो, तो म्हणजे घरातली स्त्री. डिपेंडंट पासवर आलेल्या जोडीदाराला पूर्वी नुसत्या संमतिपत्रावर नोकरी करता येत असे. १ मे २०२१ पासून त्यासाठी स्वतःचा वर्क पास लागतो. अनेक शिक्षिका, लेखापाल, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुली, बहुतेक सगळ्या उच्चशिक्षित, त्या नियमाने घरी बसल्या. म्हणजे त्यांच्या नावावरची कमाई थांबली, बचत थांबली, आणि घराचा सगळा भार एका पासवर आला. इतका धोका एका ठिकाणी ठेवणारा गुंतवणूक-सल्लागार आपण दुसऱ्या दिवशी बदलला असता. नवऱ्याच्या पगारातून बायकोच्या स्वतंत्र खात्यात दरमहा ठरलेली रक्कम जाणे हा उपकार नाही, तिच्या थांबलेल्या नोकरीचा तो हिशोब आहे. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क १९९४ सालीच दिला, देशाने २००५ साली. घरखर्चाच्या एक्सेल शीटचा पासवर्ड मात्र अजून पुष्कळ घरांत एकालाच माहीत असतो.

नॉमिनीविषयीही समज चुकीचे आहेत. भारतात नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या निधनानंतरच्या मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे शेअर्स आणि फंडांबाबत स्पष्ट केले. नॉमिनीने रक्कम स्वीकारायची, हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे. सिंगापूरच्या सीपीएफचे नेमके उलटे आहे. ती रक्कम मृत्युपत्रात येतच नाही, नॉमिनेशनप्रमाणेच वाटली जाते. आणि लग्न झाले की आधीचे नॉमिनेशन आपोआप रद्द होते. नवे केले नसेल तर पैसे सरकारी विश्वस्ताकडे जातात आणि तो वारसा कायद्याप्रमाणे, आपले शुल्क घेऊन, वाटतो. एकाच माणसाच्या दोन देशांतल्या पैशांना असे दोन उलटे नियम लागू आहेत, आणि त्याची बायको ते शोकाच्या पहिल्या आठवड्यात शिकते. एका कागदावर खात्यांची यादी आणि दोन मृत्युपत्रे, इकडचे आणि तिकडचे, एवढे काम एका शनिवारी होते.

राहता राहिली आपल्या घरात राहून आपली पोरे वाढवणारी मदतनीस. इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमार किंवा भारतातून आलेली. मालक म्हणून आपल्याला तिचा वैद्यकीय आणि अपघाती विमा उतरवावा लागतो, तो आपण उतरवतो. पण तिला सीपीएफ नाही, आणि करार संपला की तिच्याही पासचे दिवस मोजले जातात. महिना ७०० डॉलर पगारावर मालकाचा १७ टक्के हिस्सा होतो ११९ डॉलर. आपल्या ओळखीतल्या दोन-तीन घरांनी एवढी रक्कम पगाराव्यतिरिक्त दरमहा तिच्याच नावाच्या खात्यात भरायला सुरुवात केली आहे. कार्ड आणि पिन तिच्याकडे, दोन वर्षांनी २,८५६ डॉलर. खाते उघडायला कोणती कागदपत्रे लागली आणि तिच्याशी हे कसे बोलावे, हे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी या पत्राला उत्तर पाठवावे, त्या घरांशी गाठ घालून देतो.